जुन्या एसयूव्हीत कूलंट: प्री-मिक्स की कॉन्सन्ट्रेट?

जुन्या सफारी-स्कॉर्पिओचा कूलंट घरी बदलणारे इथेच अडतात. डब्यावरचं 'लाँग लाइफ' सोडा, गाडीत आत्ता काय भरलंय ते आधी बघा.

प्री-मिक्स म्हणजे आधीच निम्मं पाणी मिसळलेला कूलंट, कॉन्सन्ट्रेट म्हणजे पाणी न मिसळलेला. मेहनत प्री-मिक्सला कमी. झाकण उघडा, ओता. रस्त्यात अर्धा लिटर कमी पडला तर हेच बरं. खर्चात मात्र तो महाग, कारण निम्मे पैसे पाण्याचे.

खरा फरक फ्लशिंगनंतर, म्हणजे आतून पाण्याने धुतल्यावर कळतो. रेडिएटरचा ड्रेन उघडला तरी इंजिन ब्लॉक आणि हीटर कोअरमधलं (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमधलं) पाणी बाहेर येत नाही. समजा, क्षमता 10 लिटर आणि 4 लिटर साधं पाणी आतच राहिलं. वर 6 लिटर प्री-मिक्स ओतलं, तर प्रत्यक्षात कूलंट 3 लिटर, म्हणजे 30 टक्के. गंजरोधक पातळ, मग वॉटर पंपाची झीज. कॉन्सन्ट्रेट असेल तर 5 लिटर तो, 1 लिटर डिस्टिल्ड वॉटर. मिश्रण बरोबर निम्मं. बोअरचं पाणी नकोच, क्षार बसतात. नुसता कॉन्सन्ट्रेटही भरू नये, पाण्याइतकी उष्णता तो वाहून नेत नाही.

आत अडकलेली हवा काढणं दोन्हीकडे सारखंच: इंजिन थंड असताना भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. रंगावर विश्वास नको, मॅन्युअलमधला प्रकार पाहा.

पूर्ण फ्लश करणार असाल तर कॉन्सन्ट्रेट. नुसतं टॉप-अप, किंवा मोजमापाचा कंटाळा असेल, तर त्याच प्रकारचा प्री-मिक्स.