ईबेवरची जुनी गिटार: घ्यावी लिलावात, विकावी ठरल्या भावात

अमेरिकेत जुन्या गिटारींची ऑनलाइन उलाढाल मुख्यतः ईबे, रिव्हर्ब आणि शॉपगुडविल या तीन ठिकाणी चालते. रिव्हर्बवर लिलाव नाही, विकणारा भाव लावतो आणि घासाघीस करतो. शॉपगुडविलवर फक्त दान आलेलं सामान असतं. उरला ईबे. १९९५ पासून चालू असलेला हा लिलाव जुनी गिटार घेऊन, नीट करून पुन्हा विकणाऱ्यांचा आजही मुख्य अड्डा आहे. आमचा शेरा आधीच सांगतो: खरेदीसाठी पाचापैकी चार, विक्रीसाठी पाचापैकी दोन. एकाच जागेला दोन शेरे, कारण लिलावातला अंतिम भाव गिटारच्या योग्यतेवर ठरत नाही. त्या संध्याकाळी योग्य माणसं हजर होती की नाही, यावर ठरतो. दोन दर्दी एकाच वेळी आले तर भाव चढतो, एकच आला तर पडतो. घेणारा अशा पडलेल्या संध्याकाळी शोधत असतो. विकणाऱ्याने त्या स्वतःहून का ओढवून घ्यायच्या?

ईबेची बोली समजली नाही तर पहिल्याच आठवड्यात हात पोळतो. तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता, पण द्यावी लागते ती दुसऱ्या क्रमांकाची बोली अधिक एक पायरी. २५० ते ४९९.९९ डॉलरच्या पट्ट्यात ही पायरी ५ डॉलरची आहे. तुम्ही २८३.७७ टाकले आणि दुसऱ्याची कमाल २७१ असेल, तर गिटार २७६ ला मिळते. म्हणून रक्कम एकदाच ठरवावी, अडनिडा आकडा घ्यावा आणि शेवटच्या सहा-सात सेकंदांत टाकावी. तीन दिवस आधी बोली लावली की पुढचा माणूस पाच-पाच डॉलरने टोकरत राहतो आणि तुमची मर्यादा कुठे आहे ते त्याला फुकट कळतं. शेवटच्या क्षणी बोली आली म्हणून ईबे वेळ वाढवत नाही, त्यामुळे ही युक्ती तिथे चालते.

भाव ठरवताना चालू जाहिराती बघू नका. तिथे लोकांची स्वप्नं टांगलेली असतात. ‘सोल्ड’ हा फिल्टर लावला की गेल्या नव्वद दिवसांतले झालेले व्यवहार दिसतात. त्यात एखादी किंमत खोडलेली दिसली तर सौदा त्याहून कमी रकमेला झाला आहे असं समजा. चुकीच्या स्पेलिंगचे शोधही जपून ठेवा: फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये ‘ओ’च्या जागी ‘ए’, आयबनेझमध्ये ‘ए’च्या जागी ‘ई’. ज्याला नाव नीट लिहिता येत नाही, त्याला भावही बहुधा ठाऊक नसतो.

आता फोटो. सगळं कौशल्य इथे आहे, आणि नुकसानही इथेच होतं.

गिब्सनच्या लेस पॉलसारख्या गिटारीत नेक (तारांखालचा लांब दांडा) महोगनीची असते, हेडस्टॉक (तारांच्या खुंट्यांचं टोक) साधारण सतरा अंश मागे झुकलेला असतो आणि नेमकं त्या वळणावर ट्रस रॉडच्या, म्हणजे नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईच्या, नटासाठी लाकूड कोरून काढलेलं असतं. म्हणजे जिथे ताण जास्त तिथेच लाकूड कमी, शिवाय रेषाही आडव्या. गिटार स्टँडवरून पाठीवर पडली की तडा तिथेच जातो. जोडलेली गिटार वाजते व्यवस्थित, पण किंमत अर्ध्याच्या आसपास येते. म्हणून त्या वळणाची मागची बाजू, तिरप्या उजेडात, दोन्ही कडांनी, असे फोटो मागा. तिथेच रंग जरा गडद किंवा धुरकट दिसला, किंवा विकणारा सहा फोटो समोरून देऊन मागून एकही देत नसेल, तर पुढे सरका.

नकली गिब्सन ओळखायला सुरुवात हेडस्टॉकवरच्या घंटेच्या आकाराच्या झाकणापासून करा. अस्सलवर दोन स्क्रू असतात, नकलीवर बऱ्याचदा तीन. झाकण काढायला लावा: आत ५/१६ इंची पितळी षट्कोनी नट दिसला पाहिजे. ॲलन किल्लीचं भोक दिसलं तर विषय संपला. १९७७ ते २००५ या काळातल्या बहुतेक गिटारींच्या हेडस्टॉकमागे आठ आकडे ठोकलेले असतात. पहिला आणि पाचवा मिळून वर्ष, दुसरा ते चौथा मिळून वर्षातला दिवस. ८२३४५५०१ म्हणजे १९८५ चा २३४ वा दिवस. मधले तीन आकडे ३६६ च्या वर गेले तर ती गिटार गिब्सनच्या कारखान्यात जन्मलीच नाही. अपवाद गिब्सनच्या शताब्दी वर्षाचा: १९९४ चे क्रमांक सरळ ९४ ने सुरू होतात. मेक्सिकोतल्या एन्सेनाडाच्या फेंडरला हे सोपं आहे. क्रमांकाच्या सुरुवातीला एमएन७ म्हणजे १९९७, एमझेड म्हणजे २००० नंतरचं दशक.

‘सगळं मूळचं आहे’ असा दावा असेल तर व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या विद्युत भागाच्या) पाठीचा फोटो मागा. १३७७६३३ या आकड्यात १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ७६ म्हणजे १९७६ आणि ३३ म्हणजे तेहतिसावा आठवडा. जाहिरातीत १९७२ लिहिलं असेल तर एक तर गिटार १९७२ ची नाही, नाही तर आतली वायरिंग कुणीतरी बदललेली आहे. दोन्ही प्रकारांत भाव तुमच्या बाजूने खाली येतो.

अकूस्टिकमध्ये नवख्यांची दांडी हमखास उडते, कारण दोष लांबून दिसत नाही. तारांच्या ओढीने वर्षानुवर्षं नेकचा कोन बदलतो, तारा वर उचलल्या जातात, मग मालक सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासून घासून खाली आणतो. ब्रिजच्या (बॉडीवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या लाकडी तुकड्याच्या) बाजूने काढलेल्या फोटोत सॅडल जेमतेम दीड-दोन मिलिमीटर वर दिसत असेल आणि बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तारा तरीही उंच असतील, तर घासायला काही उरलेलं नाही. नेक काढून नव्या कोनात बसवावी लागेल, आणि त्या कामाला चारशे डॉलरच्या खाली सहसा कुणी हात लावत नाही. जुन्या मार्टिनवर तो खर्च परवडतो. दीडशे डॉलरच्या यामाहावर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाची कड सरकते का, हेही विचारा. सरकली तर ब्रिज उचलला गेला आहे.

जे घाबरवतं पण स्वस्तात सुटतं, त्यातच नफा असतो. करकरणारे पॉट संपर्क-क्लीनरच्या दोन फवाऱ्यांत आणि वीसेक वेळा फिरवून शांत होतात. आवाजच येत नसेल तर बऱ्याचदा जॅकवरची तार सुटलेली असते. हिरवट फ्रेट, गंजलेल्या तारा, वाकडा दिसणारा नेक (ट्रस रॉड फिरत असेल तर) ही सगळी एका संध्याकाळची कामं आहेत. याउलट कधीच न सुटणारी गोष्ट म्हणजे केसमध्ये मुरलेला सिगारेटचा किंवा बुरशीचा वास. फोटोत तो येत नाही, म्हणून प्रश्नच विचारावा लागतो.

हिशेब न्यू जर्सीचा मांडू, तिथे विक्रीकर ६.६२५ टक्के आहे. समजा तारा नसलेली, करकरणारी, मेक्सिकोत बनलेली स्ट्रॅटोकास्टर २८० ला सुटली. पाठवणी ४५, दोन्हींवर कर धरून ३४६.५३. तारा, क्लीनर आणि परत पाठवायचा खोका यांचे ३३. म्हणजे गिटार तुम्हाला ३७९.५३ ला पडली, २८० ला नव्हे. आता ती ५२५ ला विकली आणि पाठवणीचे ५० गिऱ्हाइकाने दिले. ईबे आपला वाटा पाठवणी आणि गिऱ्हाइकाने भरलेला कर धरून एकूण रकमेवर कापतो. गिटार-बेसच्या गटात हा दर पावणेसात टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे इथे साधारण ४१ डॉलर. हातात उरले १०४. गिऱ्हाइकाने घासाघीस करून ४७५ वर आणलं तर उरतात ५७ च्या आसपास. आणि ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून गिटार परत आली तर दोन्ही वेळची पाठवणी तुमच्या खिशातून, म्हणजे शंभर डॉलर गेले. म्हणून झालेल्या विक्रीच्या सरासरीच्या ५५ टक्क्यांहून जास्त बोली लावू नये. नियमित करणाऱ्यांनी राज्याकडून पुनर्विक्रीचं प्रमाणपत्र घ्यावं, खरेदीवरचा विक्रीकर वाचतो.

गिटार सुटी करून नेक, बॉडी, पिकअप (तारांचा आवाज टिपणारी चुंबकं) वेगवेगळे विकले तर बेरीज पुष्कळदा जास्त येते. पण सवलतीचा दर पूर्ण गिटारीलाच आहे. सुट्या भागांवर ईबे तेरा टक्क्यांच्या वर कापतो आणि पार्सलं एकाची पाच होतात. तुटक्या गिटारीसाठी ठीक, चांगली गिटार याच्यासाठी मोडू नये.

विकताना लिलाव नकोच. ठरलेला भाव, घासाघीस चालू आणि ‘ताबडतोब पैसे’ ही खूण लावलेली. लिलावात जिंकून पैसे न देणारे महाभाग असतात आणि सौदा रद्द करायला चार दिवस थांबावं लागतं. वर्णनात बाराव्या फ्रेटवरची तारांची उंची, वजन, उरलेल्या फ्रेटची जाडी आणि प्रत्येक टवक्याचा जवळून फोटो द्या. दोष दाखवला की भाव थोडा पडतो, परतीची शक्यता मात्र खूप पडते.

पॅकिंगला कंजुषी केली तर वरचा सगळा हिशेब पाण्यात. तारा दोन-तीन स्वर सैल करा, पण पूर्ण ढिल्या नकोत. केसमध्ये हेडस्टॉकच्या खाली आणि वर दोन्हीकडे कागदाची घट्ट गुंडाळी हवी, इतकी की केस हलवल्यावर आत काहीही हलता कामा नये. हेडस्टॉक अधांतरी राहिला तर खोका आपटताच वर सांगितलेला तडा पडतो. खोक्याचं मापही महत्त्वाचं आहे. ५० × २० × ८ इंचाचा खोका कुरिअरकडे, घनफळाला १३९ ने भागून, ५८ पौंडांचा धरला जातो, आत पंधरा पौंड असले तरी. शिवाय लांबी ४८ इंचांच्या वर गेली की हाताळणीचा जादा आकार लागतो. इलेक्ट्रिक गिटार ४८ च्या आत बसते, बसवाच. आणि फेडेक्सच्या नियमांत वीस वर्षांहून जुन्या वाद्याची जाहीर किंमत हजार डॉलरपर्यंतच धरली जाते, तेव्हा जुन्या मार्टिनसाठी वेगळा विमा उतरवा.

शॉपगुडविलबद्दल थोडक्यात: फोटो घेणाऱ्याला गिटार येते असं धरू नका, माल जसा आहे तसा, आणि ईबेसारखा पैसे परतीचा आधार नाही. जवळच्या केंद्रातून स्वतः उचलता येत असेल तरच बोली लावा. जपानच्या याहू लिलावात मालाचं वर्णन जास्त प्रामाणिक असतं, फ्रेट दहापैकी किती भाग उरलेत हेसुद्धा बरेच विक्रेते लिहितात. पण तिथे शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की बऱ्याच लिलावांत वेळ वाढते, त्यामुळे सहा सेकंदांची युक्ती चालत नाही. तिथून माल घेऊन पाठवणाऱ्या मध्यस्थाचं कमिशन वेगळं, आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची आयातकराची सूटही गेली. ग्रेको-टोकाई या जपानी गिटारींचा मोह असेल तर हे धरून बोली लावा.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट गिटारीबाहेरची, पण गिटारीपेक्षा महाग पडू शकेल अशी. एच-१बी व्हिसावर स्वतःच्या वापराची एखादी गिटार विकणं वेगळं आणि महिन्याला चार घेऊन विकणं वेगळं. दुसरं हे काम धरलं जाऊ शकतं, आणि तुमची परवानगी एकाच मालकाकडच्या नोकरीची असते. आधी वकिलाला विचारा.

पुण्या-मुंबईत बसून हा धंदा करायचा विचार असेल तर सोडून द्या. ईबेचं भारतातलं संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्येच बंद झालं. अमेरिकेतून मागवलेल्या गिटारवर पाठवणी आणि सीमाशुल्क चढतं ते चढतंच, वर वापरलेला माल विक्रीसाठी आणायला आयात परवाना लागतो. कुणी येताना एखादी गिटार सोबत आणणार असेल तर लाकूड विचारून ठेवा. इंडियन रोझवूडच्या तयार वाद्यांना साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) कागदपत्रांतून नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे. ब्राझिलियन रोझवूडला नाही, ते १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे, आणि १९६९ पर्यंतच्या मार्टिन डी-२८ च्या पाठी त्याच लाकडाच्या आहेत.