पफिनच्या चोचीत काय हवं: सँडईल की पाइपफिश?

उत्तर समुद्रातल्या पफिन या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांची वाढ मुख्यतः सँडईलवर होते. बोटाएवढा, चंदेरी, वाळूत घुसून राहणारा हा मासा वसंतात कोपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारे अगदी बारीक कवचधारी जीव, खाऊन चरबी साठवतो. अंग मऊ असल्यामुळे पिल्लू तो सहज गिळतं, आणि पफिन एका फेरीत असे अनेक मासे चोचीत आडवे धरून आणतो.

2004 च्या सुमारास त्या समुद्रात स्नेक पाइपफिश अचानक फार वाढला. हा समुद्रघोड्याचा नातलग. दिसायला लांबलचक, त्यामुळे घास मोठा वाटतो. पण चरबी नगण्य आणि अंगावर हाडांच्या कड्यांचं कडक कवच. पिल्लांच्या घशात तो अडकायचा, काही गुदमरून मेली. घरट्यांभोवती न खाल्लेले, सुकलेले पाइपफिश पडलेले असत. आई-बापाची उडण्याची मेहनत मात्र तेवढीच. ते पाहून जीव तुटतो.

माझं मत सरळ सँडईलच्या बाजूने, पण एका अटीवर. मासा ओळखीचा म्हणून सकस असेलच असं नाही. त्याच 2004 मध्ये स्कॉटलंडच्या आइल ऑफ मे बेटावर तपासलेल्या सँडईल आणि स्प्रॅट माशांत ऊर्जा अपेक्षेपेक्षा खूपच कमी निघाली. तिथल्या गिलेमॉट या समुद्रपक्ष्याची वीण त्या वर्षी फार वाईट गेली. गिलेमॉट पिल्लासाठी एका फेरीत एकच मासा आणतो. तोच निःसत्त्व निघाला तर भरपाई करायला दुसरा नसतो.

2024 मध्ये ब्रिटनने उत्तर समुद्रातल्या इंग्लंडच्या हद्दीत आणि स्कॉटलंडच्या पाण्यात सँडईलची मासेमारी बंद केली. त्यामुळे मासे उरतील. त्यांच्यातली चरबी मात्र कोपेपॉडवर ठरणार, आणि पाणी तापतंय तसे तिथले चरबीदार कोपेपॉड उत्तरेकडे सरकत आहेत.