शिफारसपत्रं शिकवणारा पीआरचा कोर्स: घ्यावा का?

कम्युनिकेशन विभाग चालवणाऱ्या माणसाला दोन प्रकारचं लिखाण सतत करावं लागतं. कंपनीबद्दल जगाला काय सांगायचं ते, आणि नोकरी सोडून निघालेल्या सहकाऱ्याबद्दल त्याच्या पुढच्या साहेबाला काय सांगायचं ते. पहिल्याची प्रशिक्षणं हवी तेवढी मिळतात. दुसरं सगळ्यांना येतंच असं गृहीत धरलेलं असतं, आणि भरतीच्या वेळी माझ्यापुढे येणारी पत्रं वाचली की ते येत नाही हे कळतं. त्यामुळे जनसंपर्काची (म्हणजे पीआरची) रणनीती आणि शिफारसपत्रं दोन्ही एकत्र शिकवणारा ऑनलाइन कोर्स दिसल्यावर मी लगेच नाव नोंदवलं.

कोर्सचं नाव इथे देत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे. शिवाय अशा कोर्सची रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते: रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, दर आठवड्याला एक लाइव्ह सत्र, टेम्पलेटचा गठ्ठा आणि आपण लिहिलेल्या दोन पत्रांवर प्रशिक्षकाचा वैयक्तिक अभिप्राय. यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं एवढंच सांगते.

रणनीतीचे व्हिडिओ नवख्यांसाठी ठीक आहेत. सुरुवात अर्थातच टायलेनॉल या वेदनाशामक औषधापासून. १९८२ साली शिकागो परिसरात सायनाइड मिसळलेल्या कॅप्सूलमुळे सात माणसं गेली आणि जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या. हे उदाहरण प्रत्येक पीआर कोर्समध्ये घासून गुळगुळीत झालंय. माझी हरकत उदाहरणाला नाही, त्यातून काढलेल्या धड्याला आहे. इथेही ‘उत्तम संवादाने कंपनी वाचली’ असंच सांगितलं. पण माल परत घेण्याचा आणि पुढे पॅकिंग बदलण्याचा निर्णय झाला नसता, तर संवाद करायचा कशाबद्दल? पीआरवाल्यांना निर्णयाच्या बैठकीत बसवायचं की निर्णय झाल्यावर प्रेस नोट लिहायला बोलवायचं, खरा रणनीतीचा प्रश्न तो आहे. व्हिडिओत तो येतच नाही.

पीआरच्या जनकांपैकी एक मानल्या जाणाऱ्या आयव्ही लीवरचा भाग मात्र चांगला जमलाय. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वे अपघात झाला, तेव्हा लीने रेल्वे कंपनीला माहिती दडपू दिली नाही. उलट पत्रकारांना घटनास्थळी न्यायची सोय केली आणि कंपनीचं निवेदन स्वतःहून वाटलं. आधुनिक प्रेस नोटची सुरुवात बरेच जण तिथूनच मानतात. आपल्याबद्दलची वाईट बातमी आपणच आधी आणि पूर्ण द्यायची, हे सूत्र प्रशिक्षकाने नीट पोचवलं. ते लक्षात ठेवा, खाली कामाला येणार आहे.

आणि मग मोजमापाचं सत्र. कोर्सचे पैसे वसूल व्हायला सुरुवात झाली ती इथून. बातमीने व्यापलेली जागा मोजायची, तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर लावायचा आणि ‘इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळवली’ म्हणून साहेबांपुढे ठेवायचं, हा हिशेब अजून कितीतरी ऑफिसांत चालतो. पीआरच्या मोजमापासाठी २०१० साली ठरलेल्या बार्सिलोना तत्त्वांनी हा आकडा पीआरचं मूल्य दाखवत नाही असं स्वच्छ सांगितलं, तरीही. मोजायचं ते लोकांपर्यंत काय पोचलं आणि त्यामुळे काय बदललं. प्रशिक्षकाने हाच निकष उचलून शिफारसपत्राला लावला. पत्रातली विशेषणं म्हणजे कात्रणांची फाइल: जाड दिसते, पण त्या माणसामुळे काय बदललं ते सांगत नाही.

लाइव्ह सत्रात एका व्यवस्थापकाने परवानगी देऊन वाचायला ठेवलेलं पत्र असं होतं: ‘त्या अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ आणि दबावाखाली शांतपणे काम करणाऱ्या आहेत. माध्यमांशी त्यांचे उत्तम संबंध आहेत. टीममध्ये त्यांनी मोलाची भर घातली.’ यात खोटं काही नाही, पण हे कुणाबद्दलही लिहिता येईल. प्रशिक्षकाने फक्त विचारलं, दबाव कसला? आणि त्या दिवशी त्या रजेवर असत्या तर? व्यवस्थापक आधी अडखळले, मग गोष्ट बाहेर आली. अर्ध्या तासात पत्रातला तोच परिच्छेद असा झाला:

‘सर्वेक्षणाची प्रेस नोट एम्बार्गोखाली (ठरलेल्या वेळेआधी छापायची नाही या अटीवर) पत्रकारांकडे गेली होती. बातमी खुली व्हायला तासभर उरला असताना दोन गटांच्या टक्केवारीची अदलाबदल झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी संशोधन विभागाकडून बरोबर आकडे लेखी घेतले, यादीतल्या प्रत्येक पत्रकाराला स्वतः फोन केला आणि चूक आमची आहे हे आडपडदा न ठेवता सांगितलं. चुकीचा आकडा कुठेही छापून आला नाही.’

कष्टाळू, शांत यातला एकही शब्द उरला नाही, आणि दोन्ही गोष्टी वाचणाऱ्याला कळल्या; वर विश्वासूपणही. त्यावर प्रशिक्षकाने आणखी दोन वाक्यं मागितली. आपण या व्यक्तीला कोणत्या नात्याने आणि किती काळ ओळखतो? आणि तिची तुलना कुणाशी करतोय? ‘उत्कृष्ट’ म्हणजे दोघांत उत्कृष्ट की आजवर हाताखाली काम केलेल्या सगळ्यांत? हे नसेल तर भरती करणारा पत्राला वजन देत नाही. मी तरी देत नाही.

‘माध्यमांशी उत्तम संबंध’ हे वाक्य गेलं याचा मला विशेष आनंद झाला. पीआरच्या निम्म्या पत्रांत ते असतं आणि त्याचा उपयोग शून्य. पत्रकाराची बीट (नेमून दिलेला बातम्यांचा विषय) बदलते, पत्रकार नोकरी बदलतात, फोनमधली यादी शिळी होते. पत्रकार हिचा फोन का उचलतात ते लिहा. अर्धवट बातमी पूर्ण म्हणून कधी गळ्यात मारली नाही म्हणून? प्रश्नाचं उत्तर नसेल तर ‘नाही’ असं वेळेत कळवते म्हणून? हे गुण तिच्याबरोबर नव्या नोकरीत जातात.

एका सत्रात पत्रांवरच्या संशोधनाचाही विषय निघाला. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातली तीनशेवर शिफारसपत्रं तपासून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्त्रियांसाठीची पत्रं सरासरी आखूड निघाली, आणि शंका पेरणारी वाक्यं त्यांत जास्त होती. २००९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की स्त्रियांबद्दल ‘सगळ्यांना सांभाळून घेणारी’ छापाचं वर्णन जास्त येतं आणि त्याने निवडीची शक्यता कमी होते. आमच्या क्षेत्रात ही सवय भरपूर आहे. तो ‘रणनीती आखतो’ आणि ती ‘समन्वय छान करते’. काम दोघांनी एकच केलेलं असतं. पाठवण्याआधी नाव झाकून पत्र वाचा, ही प्रशिक्षकाची सूचना मी आता ऑफिसात सक्तीची केली आहे.

आता उणं काय ते. टेम्पलेटचा गठ्ठा उघडूच नका. जे वाक्य लाइव्ह सत्रात खोडलं, ते ‘मोलाची भर’ टेम्पलेटमध्ये जशास तसं बसलेलं आहे. शिवाय ‘उमेदवारालाच मसुदा लिहायला सांगा आणि सही करा’ असा सल्लाही त्यात आहे. ही पद्धत सर्रास चालते हे खरं. पण उमेदवाराकडून मसुदा न मागता कामांची यादी, तारखा आणि नव्या पदाची जाहिरात मागवावी, लिहायचं आपणच. लिहिण्यासारखं काही सुचत नसेल तर त्याला आधीच तसं सांगावं. कोमट पत्रापेक्षा नकार बरा, तो निदान दुसऱ्या कुणाला तरी विचारू शकतो.

दुसरं, पीआरमधला सगळ्यात अवघड प्रसंग कोर्सने सोडूनच दिलाय. संकटकाळात उत्तम काम केलेल्या सहकाऱ्याची शिफारस कशी करायची, जेव्हा ते संकट बाहेर आलंच नाही हेच तिचं यश असतं? क्लायंटचं नाव घेता येत नाही, घटना सांगता येत नाही. मी अशा वेळी जागा, वर्ष आणि उद्योग काढून टाकते. तिची नेमकी जबाबदारी, हाती असलेला वेळ आणि ‘मध्यरात्री निवेदनाचा मसुदा तिच्याकडे सोपवून मी निश्चिंत होते’ एवढं ठेवते. मग ते कायदा विभागाला दाखवते. लाइव्ह सत्रात हा प्रश्न विचारला तर ‘गोपनीयता पाळा’ असं उत्तर मिळालं.

आणि तक्रार. अभिप्रायासाठी अपलोड केलेली पत्रं एका सामायिक फोल्डरमध्ये होती आणि ती सगळ्या सहभागींना दिसत होती. खऱ्या माणसांची नावं, पदं, सगळं. हे कळवल्यावर उत्तर आलं, ‘आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो.’ भावना कुणी विचारल्या होत्या? फोल्डर कुणी पाहिलं, कधीपासून उघडं होतं आणि बंद केव्हा होणार, हे सांगायला हवं होतं. दुसऱ्यांदा लिहिल्यावर फोल्डर गुपचूप बंद झालं; बाकीच्या सहभागींना त्याबद्दल एक ओळही गेली नाही. आयव्ही लीचा व्हिडिओ त्यांच्याच साइटवर आहे.

इतकं असूनही अभिप्रायासाठी हा कोर्स घ्यायला माझी हरकत नाही. माझ्या पत्रांवर जितक्या बारकाईने शेरे आले, तितक्या बारकाईने ऑफिसात कुणी वाचत नाही. अभिप्राय नसलेली स्वस्त योजना मात्र घेऊ नका, तिच्यात फक्त व्हिडिओ आणि टेम्पलेट पदरात पडतात. पत्रं नावं बदलूनच अपलोड करा. आणि दोनच पत्रांवर अभिप्राय मिळतो, तेव्हा तुमच्या लाडक्या सहकाऱ्याचं पत्र पाठवू नका, ते तुम्हाला जमतंच. कामात चोख पण टीममध्ये कुणालाच न आवडणाऱ्या त्या एका माणसाचं पत्र पाठवा.