ग्राहकांना मेसेज पाठवायचेत: डीएलटीवर नोंदणी करावी की व्हॉट्सअ‍ॅप व्हेरिफिकेशन?

नाशकातल्या दुकानदारांचा, लॅबवाल्यांचा, लॉजमालकांचा हा नेहमीचा प्रश्न. माझं मत आधीच सांगतो: निरोप पोचलाच पाहिजे असा असेल तर एसएमएस, आणि ग्राहकाशी बोलणं चालू ठेवायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅप. दोन्हीकडे आधी आपला व्यवसाय खरा आहे हे सिद्ध करावं लागतं, पण त्याची तऱ्हा वेगळी आहे.

एसएमएससाठी ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणीसाठी मोबाइल कंपन्यांनी उभारलेल्या यंत्रणेवर, नोंदणी लागते. जिओ, एअरटेल, व्ही, बीएसएनएल यांपैकी कुठल्याही एका पोर्टलवर केली तरी सगळीकडे चालते. खासगी कंपन्यांकडे साधारण ५,००० रुपये अधिक जीएसटी असा खर्च येतो. पॅन, जीएसटी किंवा उद्यम (लघुउद्योग) नोंदणी आणि लेटरहेडवर सही-शिक्क्याचं अधिकारपत्र एवढी कागदपत्रं. ती मंजूर झाली की सहा अक्षरी हेडर, म्हणजे मेसेजवर पाठवणाऱ्याचं म्हणून दिसणारं नाव, घ्यायचा, मग मजकुराचे टेम्पलेट (ठरलेले नमुने) मंजूर करून घ्यायचे. सगळ्यात जास्त वेळ या टेम्पलेटमध्येच जातो. बदलत्या माहितीसाठी सोडलेल्या प्रत्येक जागेत ठरावीक अक्षरंच बसतात, बाकीचा मजकूर मंजूर झालाय तसाच जायला हवा. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मेसेज वाटेतच अडवला जातो. लिंक टाकायची असेल तर तीही आधी नोंदवावी लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून याची सक्ती आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचं साधं बिझनेस अ‍ॅप फुकट आहे आणि त्याला पडताळणी लागत नाही. पण त्याच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. त्याहून मोठं काम असेल तर एपीआय, म्हणजे सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची व्हॉट्सअ‍ॅपची सोय, घ्यावा लागतो. तिथे व्यवसायाचं व्हेरिफिकेशन (पडताळणी) होईपर्यंत २४ तासांत २५० वेगवेगळ्या ग्राहकांनाच आपणहून मेसेज पाठवता येतो, नंतर मर्यादा वाढत जाते. १ जुलै २०२५ पासून दर मेसेजमागे पैसे लागतात. जाहिरातीचा दर एसएमएसच्या कित्येक पट पडतो. ग्राहकाने आधी मेसेज केला, तर मात्र पुढचे २४ तास त्याला साधी उत्तरं देणं फुकट आहे.

कागदपत्रांत बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. प्रोप्रायटरशिपमध्ये पॅन मालकाच्या नावावर असतं आणि पाटीवर नाव दुकानाचं. जीएसटी प्रमाणपत्रावर मालकाचं आणि व्यापारी अशी दोन्ही नावं येतात, म्हणून ते असेल तर तेच पुढे करा. अर्जातलं नाव त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळवा. पत्त्यातही एकीकडे ‘मेन रोड’ आणि दुसरीकडे ‘रविवार कारंजा’ असं नको.

पिंपळगाव बसवंतच्या कृषी केंद्राचं उदाहरण घ्या. बरेच शेतकरी आजही साधा फोन वापरतात, शिवारात नेटची खात्री नसते. द्राक्षांच्या गोडी छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) डावणी या बुरशीजन्य रोगाच्या दिवसांत ‘तुम्ही मागवलेलं औषध आलंय’ हा निरोप त्यांना एसएमएसनेच गेला पाहिजे, आणि देवनागरीतच. त्याचा खर्च मात्र आधी मोजून ठेवा. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०, आणि काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. एकटा ‘द्राक्ष’ शब्द सात अक्षरं खातो. मजकूर ७० च्या पुढे गेला की दोन एसएमएसचे पैसे. मला तो खर्च योग्य वाटतो, कारण रोमन लिपीतलं मराठी वाचताना औषधाचं प्रमाण चुकू शकतं.

त्याच दुकानाने ‘खतांवर दहा टक्के सूट’ पाठवली तर ती जाहिरात ठरते. ती सकाळी १० ते रात्री ९ मध्येच जाते, आणि डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) लावलेल्यांना जात नाही. येवल्याच्या पैठणीवाल्यांना किंवा पंचवटीतल्या लॉजना एसएमएसपेक्षा व्हॉट्सअ‍ॅप सोयीचं: साडीचा, खोलीचा फोटो पाठवता येतो, गिऱ्हाईक लगेच विचारतं. २०२७ च्या सिंहस्थासाठी बुकिंग घेणाऱ्यांनी पडताळणी आत्ताच उरकून घ्यावी. गंगापूर रोडच्या पॅथॉलॉजी लॅबने दोन्ही ठेवावेत: रिपोर्ट तयार झाल्याचा एसएमएस, शंकांसाठी व्हॉट्सअ‍ॅप.

साध्या दहा आकडी सिमवरून शेकडो मेसेज सोडायचा तिसरा मार्ग काही जण सुचवतात. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. तक्रार सिद्ध झाली तर पहिल्या वेळी १५ दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा झालं तर तुमच्या नावावरचे सगळ्या कंपन्यांचे नंबर वर्षभर बंद. धंद्याचा जुना नंबर असा गेला तर ग्राहकच तुटतात.

एजंटकडून नोंदणी करून घ्यायला हरकत नाही, पण लॉगिनला मोबाइल आणि ईमेल तुमचाच द्या. एजंटचा दिला तर ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि उद्या एजंट बदलायचा म्हटलं तरी तुमचाच हेडर तुमच्या हातात नसतो. दुसऱ्याच्या हेडरवरून ‘आजच सुरू करून देतो’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.