ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला: आपलाच खोलायचा की सेकंडहँड टाकायचा?

लिव्हर डीमध्ये (ड्राइव्ह) टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग गाडी झटका मारून उचलते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम वर पळतो आणि गाडी मात्र आहे त्याच वेगाने चालत राहते. इथवर आलेल्या गाडीला मिस्त्री दोनच रस्ते सांगतो. आपला बॉक्स उतरवून खोलायचा, नाहीतर भंगारात निघालेल्या गाडीचा चालू बॉक्स आणून टाकायचा. कंपनीचा नवा बॉक्सही मिळतो, पण आठ-दहा वर्षं चाललेल्या गाडीच्या किमतीशी त्याचा मेळ बसत नाही, म्हणून तो इथे धरलेला नाही. हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या बॉक्सबद्दल आहे, म्हणजे ज्यात इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचते. एएमटी (मॅन्युअल बॉक्सच, पण क्लच-गिअर यंत्र टाकतं) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा) यांची दुखणी वेगळी असतात.

पण त्याआधी बॉक्स खरंच गेला आहे का, हे बघा. बॅटरी आणि अर्थिंगपासून सुरुवात करा. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली आणि चालू असताना १३.८ च्या खाली आकडा दिसत असेल, तर गिअरबॉक्सचा कंप्युटर काहीही कोड फेकतो. दुसरा संशय उंदरांवर घ्या. सोयाबीन, हरभऱ्याची पोती आणि गाडी एकाच छपराखाली असली की वायरिंग कुरतडलं जातंच. सोलेनॉइडची (ऑइलची वाट उघडझाप करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) एक वायर तुटली तरी गाडी सुरक्षेसाठी एकाच गिअरात, बहुतेक तिसऱ्यात, अडकून राहते आणि मालकाला वाटतं की आतल्या प्लेटा जळाल्या. इंजिनचं माउंटिंग तुटलं असेल तरी डी किंवा आर (रिव्हर्स) टाकताना खाडकन आवाज येतो. तो दोष बॉक्सचा नव्हे.

स्वस्तातला स्कॅनर फक्त पी०७०० दाखवतो. त्या कोडचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदली आहे. ती तक्रार वाचायला तो कंप्युटर उघडणारा स्कॅनर लागतो. पी०७१५ किंवा पी०७२० निघाला तर स्पीड सेन्सर आणि त्याची वायर आधी बघा, हे काम बॉक्स न उतरवता होतं. पी०७५० च्या आसपासचे कोड सोलेनॉइडचे. बहुतेक बॉक्समध्ये चेंबर (खालचं ऑइलचं ताट) काढून व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत, म्हणजे ऑइलचा दाब वाटणाऱ्या भागापर्यंत, खालूनच पोचता येतं. पी०७३० म्हणजे मागितलेला गिअर आणि मिळालेला गिअर यांचं प्रमाण जुळत नाही, म्हणजे आत काहीतरी स्लिप होतंय. पी०७४१ निघाला तर कन्व्हर्टरचं लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा आतला क्लच, धरत नाही.

ऑइलची पातळी बघण्यात आपल्याकडे हमखास चूक होते. ज्या बॉक्सला डिपस्टिक नाही, त्यात खालचा चेक प्लग ऑइल ठरावीक तापमानाला असतानाच उघडायचा असतो. बऱ्याच गाड्यांत ते ३५ ते ४५ अंशांच्या आत असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. मे महिन्यात वणी-चंद्रपूरकडे दुपारी हवाच ४५ अंशांची असते. मग ऑइल त्या पट्ट्यात सापडणार कसं? गाडी रात्रभर उभी ठेवा आणि पहाटे काम करा. गाडी चारही बाजूंनी सपाटीवर घ्या, इंजिन चालू करा, पी-आर-एन-डी असा लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवा आणि तापमान स्कॅनरवर बघत प्लग उघडा. बारीक धार लागली की पातळी बरोबर. गरम ऑइलवर प्लग उघडून धार थांबेपर्यंत वाट बघितली, तर फुगलेलं ऑइल वाहून जातं, बॉक्समध्ये ते कमी पडतं आणि चांगला बॉक्सही स्लिप मारायला लागतो.

चेंबर काढलं की चुंबकावर बारीक राखाडी लेप दिसेल. तो प्रत्येक बॉक्समध्ये असतो, त्याने घाबरू नका. लोखंडाचे कण, पितळी चुरा किंवा प्लेटच्या लायनरचा काळा कचरा दिसला आणि ऑइलला जळका वास असला, तर बॉक्स उतरवावाच लागेल. ऑइल गुलाबी दुधासारखं झालं असेल तर रेडिएटरमधला ऑइल कूलर आतून फुटून कूलंट मिसळलं आहे. पाण्याने लायनरचा चिकटा सुटतो, म्हणून अशा बॉक्सच्या सगळ्या फ्रिक्शन प्लेटा बदलाव्या लागतात, वरून चांगल्या दिसत असल्या तरी. रेडिएटर तर बदलायचाच.

गाडी गावातून हलवताना ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करू नका. इंजिन बंद असलं की बॉक्सचा पंप फिरत नाही आणि चाकं फिरली की आतले भाग कोरडे घासतात. फ्रंट व्हीलवाली गाडी पुढची चाकं उचलूनच न्या. इनोव्हासारख्या रिअर व्हीलच्या गाडीला मागची चाकं उचला किंवा प्रोपेलर शाफ्ट सोडा. सपाट पाट्याची गाडी मिळाली तर सगळ्यात बरं. नुसता सील गेलेला बॉक्स टोचनमध्ये पार संपतो.

सेकंडहँड बॉक्स

याच्या बाजूने बोलायला बरंच आहे. बॉक्स हातात आला की तीन-चार दिवसांत गाडी रस्त्यावर येते. कापूस वेचणीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत ज्याची गाडी भाड्यावर चालते, त्याच्यासाठी हे लहान कारण नाही. बॉक्स उघडायचा नसतो, म्हणून निष्णात हात लागत नाही, उतरवणं-चढवणं जमणारा मिस्त्री पुरतो. नागपुरात नाही मिळाला तर मुंबईच्या कुर्ल्यातून किंवा दिल्लीच्या मायापुरीतून मागवता येतो.

घेताना बॉक्सवरची पट्टी आणि त्यावरचा कोड आपल्या बॉक्सशी अक्षर न् अक्षर जुळवा. मॉडेल तेच, पण इंजिन वेगळं असेल तर आतलं रेशो वेगळं निघू शकतं. काही बॉक्सच्या लेबलवर सोलेनॉइडचा भरपाई कोड (त्यांच्यातला बारीक फरक कंप्युटरला सांगणारा) छापलेला असतो, तो स्कॅनरने कंप्युटरमध्ये भरावा लागतो. लेबल खरवडून गेलेला बॉक्स घेऊ नका. ब्रीदरजवळ (बॉक्सची हवा निघण्याच्या तोंडाजवळ) गंज किंवा ऑइलमध्ये दुधाळपणा दिसला तर ती गाडी पुरातली समजा. जुना कूलर तसाच ठेवू नका. मेलेल्या बॉक्सचा सगळा चुरा त्याच्या नळ्यांत बसलेला असतो आणि पहिल्याच दिवशी तो नव्या आणलेल्या बॉक्समध्ये उतरतो.

आपलाच खोलायचा

यात वेळ जातो. पार्ट मागवण्यात दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि ऑटोमॅटिक उघडणारा खरा हात अजून तरी नागपूर, फार तर अमरावतीला गाठावा लागतो. पण आत काय गेलं आणि का गेलं, हे डोळ्यांनी दिसतं. एकाच गिअरात स्लिप असेल तर त्याच क्लचची थप्पी (एकावर एक रचलेल्या फ्रिक्शन आणि स्टील प्लेटा) किंवा तिच्या पिस्टनचा सील गेलेला असतो. सगळ्या गिअरांत स्लिप असेल तर फिल्टर, पंप किंवा कन्व्हर्टर बघायचा. पांदणीच्या काळ्या चिखलात अडकलेली गाडी डी-आर, डी-आर करत काढली असेल, तर रिव्हर्सची थप्पी जळालेली निघण्याची शक्यता मोठी.

काम सांगताना एवढं मागा: पूर्ण ओव्हरहॉल किट, म्हणजे गॅस्केट, ओ-रिंग, सीलिंग रिंगा आणि जिथे रबर पिस्टनवरच चिकटवलेलं असतं तिथे पिस्टनसकट. सगळ्या फ्रिक्शन प्लेटा, निळ्या पडलेल्या स्टील प्लेटा, फिल्टर, पंपाचा बुश आणि पुढचा सील. कन्व्हर्टर कापून आतलं लायनर बदलून, वेल्ड करून, बॅलन्स करून घ्या. तसाच धुऊन बसवलेला कन्व्हर्टर म्हणजे अर्धं काम. फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी कमीत कमी अर्धा तास त्याच ग्रेडच्या एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक बॉक्सच्या ऑइलमध्ये) भिजल्या पाहिजेत, कोरड्या लावल्या तर पहिल्याच फेरीत पोळतात. प्रत्येक थप्पीचा गॅप फिलर गेजने मोजून लिहून घ्यायला सांगा. रिंगा जागेवर धरायला व्हॅसलिन वापरतात, ग्रीस नाही, आणि आत सिलिकॉनचा थेंबही नको. कन्व्हर्टर फिरवत दाबला की दोन-तीन टप्प्यांत आत उतरतो. शेवटचा टप्पा राहून गेला आणि बोल्ट आवळून बॉक्स ओढला, तर पंपाचा गिअर तुटतो. बॉक्स इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे.

ज्यावर निर्णय झाला

सेकंडहँड बॉक्सची परीक्षा थंड असते. विकणारा डी टाकून दाखवतो, आर टाकून दाखवतो, गाडी दहा फूट पुढे-मागे जाते, आणि ‘चालू आहे’ एवढीच त्याची हमी. थंड ऑइल घट्ट असतं, त्यामुळे घासलेला पंप आणि व्हॉल्व्ह बॉडीची झिजलेली भोकं लपून जातात. ऑइल ८० ते ९५ अंशांवर आलं, पातळ झालं, की दाब गळायला लागतो. तिथवर यायला वीस-पंचवीस किलोमीटर लागतात. म्हणजे नागपूरहून पांढरकवड्याकडे निघालेल्या माणसाला बॉक्सचा खरा स्वभाव बुटीबोरीच्या पुढे, भर हायवेवर कळतो.

मग विकणारा दुसरा बॉक्स देतोही. पण उतरवण्या-चढवण्याची मजुरी दुसऱ्यांदा आपलीच, सहा-आठ लिटर एटीएफ पुन्हा आपलं, आणि गाडी आणण्याचं भाडंही आपलंच. एवढं करून जो दुसरा येतो त्याचीही परीक्षा थंडच. आम्ही खोलण्याच्या बाजूने गेलो ते या एका कारणामुळे. खोललेल्या बॉक्समध्येही चूक होऊ शकते, पण तिथे सगळे सील आणि प्लेटा नवीन असतात आणि चूक करणारा हात समोर असतो. माझ्या पाहण्यात नीट खोललेले बॉक्स उन्हाळा काढतात. आणून टाकलेल्यांपैकी पुष्कळ पहिल्याच एप्रिल-मेमध्ये परत येतात. हा काही मोजून काढलेला हिशोब नाही, पण मला तो पुरेसा वाटतो.

तरी सेकंडहँडच घ्यावा अशा वेळा आहेत. केसिंगला तडा गेला असेल, प्लॅनेटरी सेट (आतला दातेरी गिअरांचा संच) तुटून दात चुऱ्यात मिसळले असतील किंवा पंपाच्या बॉडीतच खाच पडली असेल, तर आपला बॉक्स खोलून फारसं हाती लागत नाही. त्या वेळी शक्यतो गाडीतून अजून न उतरवलेला बॉक्स शोधा, स्कॅनर लावून ऑइल ८५ अंशांवर येईपर्यंत ती गाडी चालवून बघा, मगच पैसे द्या. रस्त्यावर जाण्याजोगी गाडी नसेल, तर मजुरीसकट बदलून देण्याची अट बिलावर लिहून घ्या.

काम कुठलंही झालं तरी गाडी ताब्यात घेताना कंप्युटरची जुनी शिकवण स्कॅनरने पुसलेली असावी. नाहीतर तो घासलेल्या प्लेटांच्या सवयीने नव्या प्लेटांवर दाब देतो आणि प्रत्येक गिअर आदळतो. पहिले तीस-चाळीस किलोमीटर हलक्या पायाने, सगळे गिअर वर-खाली होतील असे चालवा, अधूनमधून पूर्ण थांबत. मग स्थिर वेगात स्कॅनरवर इंजिनचा आरपीएम आणि टर्बाइनचा (कन्व्हर्टरमधून बॉक्सला फिरवणाऱ्या भागाचा) आरपीएम शेजारी लावून बघा. लॉक-अप धरलं की दोन्ही आकडे जवळजवळ एक झाले पाहिजेत. पाचशे किलोमीटरनंतर पातळी पुन्हा तपासा, पहाटे, थंड गाडीवर. आणि उन्हाळ्यात भरल्या गाडीने लांब जाणं असेल, तर एसीच्या कंडेन्सरपुढे एक वेगळा ऑइल कूलर लावून घ्या.