फुरिगानाचं बटण आणि दहा महिन्यांचं जपानी

परवा कस्टमर केअरच्या सांगण्यावरून जपानी शिकवणारं अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं आणि माझी 291 दिवसांची स्ट्रीक, म्हणजे एकही दिवस न चुकवल्याची मोजणी, शून्यावर आली. 'अकाउंट जोडलेलं आहे, काही जाणार नाही' असं त्यांनी चक्क लिहून दिलं होतं. धडे शाबूत राहिले, पण उजळणीचा इतिहास पुसला गेला. कुठला शब्द मला किती वेळा चुकलाय, हे अ‍ॅपला आता आठवत नाही. काल रात्री त्याने मला विचारलं, 'नेको' म्हणजे काय? खाली मांजराचं चित्र होतं.

ज्या कारणासाठी एवढा खटाटोप केला ते कारण जागच्या जागी आहे, म्हणून हा रिव्ह्यू. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, लिहिलं की त्याचे भक्त भांडायला येतात. फुकटची आवृत्ती, पैशांची आवृत्ती, रोजची टुणटुण, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी वर्षाचे पैसे एकरकमी भरले, महिन्याच्या हिशोबाने स्वस्त पडतं म्हणून. तिथेच फसले. एकदा पैसे भरले की माणूस स्वतःच अ‍ॅपची वकिली करायला लागतो.

तर बटण. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, त्यांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो तो फुरिगाना. सुरुवातीला हवाच. पण दोन-तीन महिन्यांनी तो बंद करावा लागतो, कारण डोळा कामचुकार असतो, वर सोपं लिहिलेलं असताना खालच्या अवघडाकडे तो ढुंकून बघत नाही. या अ‍ॅपमध्ये फुरिगाना बंद करायचं बटण आहे. सेटिंगमध्ये, तिसऱ्या पानावर. दाबलं की बंद होतो. धडा संपवून पुढचा उघडला की पुन्हा चालू! दर धड्याला. दिवसाला चार धडे केले की चार वेळा सेटिंग, तिसरं पान, बटण, मागे, मागे, मागे. मोजलेत मी, सहा टॅप. भावाला सांगितलं तर म्हणाला, 'सहा टॅपसाठी एवढा आरडाओरडा?' त्याला काय जातंय, तो जपानी मालिका सबटायटल लावून बघतो.

पण पुढे काय झालं ते ऐका. 'वाट पाहणे'ची कांजी आणि 'हातात धरणे'ची कांजी, दोघींची उजवी बाजू एकच आहे, देवळाची कांजी. फरक फक्त डावीकडे. वाट पाहण्याला रस्त्यावरच्या पावलांची खूण, धरण्याला हाताची. त्याच जागी माणूस ठेवला की सामुराई होतो, सूर्य ठेवला की वेळ. इतकी देखणी जोडणी, आणि सात महिने मला तिचा पत्ताच नव्हता. मी आपली वरचं 'माचिमासु', 'मोचिमासु' वाचून फटाफट बरोबर उत्तरं देत होते, आणि अ‍ॅप माझ्यावर रंगीत कागद उधळत होतं.

मग एका गेममध्ये, फुरिगानाशिवायच्या कांजी मोडवर, पुलापाशी बसलेला म्हातारा दोन अक्षरं बोलला. एक कांजी आणि पुढे 'ते'. 'माते' म्हणजे थांब. 'मोते' म्हणजे हे धर. मला वाटलं म्हातारबाबा काहीतरी देतायत, म्हणून मी लगबगीने पुढे गेले. पूल कोसळला. सेव्ह पॉइंट चाळीस मिनिटं मागे होता.

पोकेमॉन ब्लॅक आणि व्हाइट हे गेम 2010 सालचे. त्या मालिकेत काना (उच्चाराप्रमाणे लिहायची साधी अक्षरं) की कांजी ही निवड तेव्हा पहिल्यांदा मिळाली, आणि एकदा निवडलेलं ते हातातलं यंत्र सेव्हबरोबर लक्षात ठेवायचं. त्याच्याही आधी, 1986 च्या पहिल्या ड्रॅगन क्वेस्टची अख्खी कार्ट्रिज 64 किलोबाइटची होती. कांजीचं तर सोडाच, काताकानाची, म्हणजे कानाच्या दोन संचांपैकी एकाची, अक्षरंही निवडून-पारखून घ्यावी लागली होती. त्यांच्याकडे खरंच जागा नव्हती. माझ्या फोनमध्ये भरपूर जागा आहे, आणि हे अ‍ॅप एक होय-नाही लक्षात ठेवू शकत नाही.

कस्टमर केअरला तीन मेल पाठवले. पहिल्याचं उत्तर, तुमची सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. दुसऱ्याला त्यांनी बटण कुठे सापडेल याचा व्हिडिओ पाठवला. बटण कुठे आहे ते माझ्याइतकं जगात कुणाला माहीत नसेल! तिसऱ्याला काढून पुन्हा टाका म्हणाले. बाकीचं वर आलंच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते, की अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघणाऱ्या चाहत्यांना खरंच जपानी शिकायचं असतं का, कारण त्यासाठीच हे अ‍ॅप घेतलं होतं. गेमिंग ग्रुपमधल्या सहा जणांनी एकाच रात्री डाउनलोड केलं. पैज अशी होती की वर्षभरात सबटायटल बंद करून एक पूर्ण मालिका बघायची. काताकानापाशी दोघं गळले. कांजी सुरू झाल्यावर आणखी दोघं. त्यातला एक असा, की ज्याला पात्रांच्या आवाजांच्या कलाकारांची नावं तोंडपाठ आहेत. म्हणून चौथ्या महिन्यात मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं होतं, आपल्यापैकी कुणालाच जपानी शिकायचं नाहीये, आपल्याला फक्त ते येत असायला हवंय.

ते मत मी आता अर्धं मागे घेते. जपान फाउंडेशन, म्हणजे परदेशात जपानी भाषेचा प्रसार करणारी जपानची संस्था, दर काही वर्षांनी जगभरातल्या संस्थांकडून आकडे मागवते. 2021 च्या पाहणीत 141 देश-प्रदेशांत मिळून सुमारे 38 लाख शिकणारे निघाले, आणि कारणांमध्ये अ‍ॅनिमे-मांगा (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) अगदी वरच्या ओळीत असतं. पण त्यात वर्गात नाव घातलेलेच मोजले जातात. आमच्यासारखी पांघरुणात फोन घेऊन शिकणारी आणि पांघरुणातच सोडून देणारी माणसं कुठल्याच वहीत नाहीत. त्यामुळे चाहत्यांना शिकायचं असतं की नाही, हे त्या आकड्यावरून ठरवायला जाऊ नका. मीही आमच्या सहा जणांवरून ठरवायला नको होतं.

अर्धं मत बदललं ते एका रोजच्या वाक्याने. घरातून निघताना प्रत्येक पात्र ओरडतं, 'इत्ते किमासु!' सबटायटलमध्ये लिहिलेलं असतं, मी निघतोय. शंभर वेळा ऐकलं असेल. सहाव्या महिन्यात अ‍ॅपने त्याची फोड केली, इत्ते म्हणजे जाऊन, किमासु म्हणजे येते. जाऊन येते! अगदी आपलं. दारात चपला घालताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, तसंच. त्या रात्री मला झोप लागेना. मग लक्षात आलं की हे प्रकरण बरंच लांब जातं. ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे, आणि मिरु म्हणजे खरोखरच बघणे. काइते ओकु, लिहून ठेवणे. ताबेते शिमाउ, खाऊन टाकणे, तेसुद्धा 'अगं, सगळं खाऊन टाकलं की मी' यातल्या हळहळीसकट. अ‍ॅपने इंग्रजीतून यासाठी अकरा धडे खर्ची घातले, वर 'हे अवघड आहे, धीर सोडू नका' असा संदेश. मराठीतून एका ओळीत संपलं असतं.

तेच 'त्सु'चं. अ‍ॅप तोंडाची आकृती काढून जीभ कुठे टेकवायची ते दाखवतं. मराठी माणसाने 'चूल' म्हणावं आणि पुढे जावं. आणि काना अक्षरांचा क्रम पाहिलात का? स्वर पुढे, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीतून संस्कृतचा अभ्यास केला त्याची ती सावली आहे. अ‍ॅपमध्ये यातलं काही नाही. मान्य, त्यांच्यासाठी मी गिऱ्हाइकांमधला एक ठिपका आहे.

दुसरी एक तक्रार मी आधी रागाने लिहून ठेवली होती, ती खोडते. अ‍ॅप पहिले आठ महिने फक्त 'देसु-मासु'चं सभ्य जपानी शिकवतं. 'ओरे' (रांगडं 'मी') लिहिलं की लाल, 'ओमाए' (रांगडं 'तू') लिहिलं की लाल. मला वाटायचं, आम्ही ज्या भाषेसाठी आलो तीच हे मास्तर चूक ठरवतायत. मग एका ऑनलाइन मोहिमेत जपानी साथीदार फार पुढे पळत होता, त्याला थांबवायला मी जोशात लिहिलं, 'किसामा, माते!' दोन सेकंद काही नाही. मग डब्ल्यूची एक लांबच लांब रांग आली. हसण्याच्या 'वाराई'मधला तो डब्ल्यू, आणि रांग गवतासारखी दिसते म्हणून त्या हसण्याला 'कुसा', म्हणजे गवत, असंही म्हणतात. पाठोपाठ त्याने विचारलं, 'जिदाइगेकी?' ऐतिहासिक नाटक चाललंय का?

'किसामा'च्या कांजी बघितल्या तर त्यात 'थोर' आहे आणि मानाचं 'सामा' आहे. कधीकाळी आदराने म्हणायचे. आज ती 'तू'साठीची शिवी आहे, आणि तीही मुख्यतः मांगातल्या खलनायकाच्या तोंडची. ओसाकाचे भाषाशास्त्रज्ञ किन्सुइ सातोशी यांनी अशा बोलीला 'याकुवारिगो' नाव दिलं, भूमिकेची भाषा. म्हातारा प्राध्यापक स्वतःला 'वाशि' म्हणतो, श्रीमंत घरची मुलगी वाक्याच्या शेवटी 'देसुवा' लावते, पण रस्त्यावर असं कुणी बोलत नसतं. म्हणजे मी दहा वर्षं जे कान देऊन ऐकलं त्यातलं बरंचसं नाटकाच्या कपाटातलं होतं. सभ्य जपानीपासून सुरुवात करायचा अ‍ॅपचा हट्ट योग्य होता. हे लिहायला मला त्रास होतोय.

(मध्येच भर: वरचं लिहून पाच दिवस पडून होतं. तेवढ्यात कस्टमर केअरने स्ट्रीक परत दिली, उजळणीचा इतिहास मात्र नाही. बटण होतं तसंच आहे. या पाच दिवसांत मी अ‍ॅप एकदाही उघडलं नव्हतं, तरी स्ट्रीक अखंड दिसतेय. म्हणजे ते 291 किती खरे होते, आता विचार करावा लागेल.)

त्या पाच दिवसांत मी रोज रात्री तो पुलाचा गेम जपानीतून खेळले. अ‍ॅनिमे तुमच्यासाठी थांबत नाही, गेममधलं पात्र थांबतं. वाक्य चौकटीत येतं, खाली एक छोटा त्रिकोण लुकलुकत राहतो, आणि तुम्ही बटण दाबेपर्यंत राजा असो नाहीतर राक्षस, गप्प उभा. तेवढ्यात शब्द शोधा, वहीत उतरवा, पाणी पिऊन या. शिवाय तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. ताताकाउ, लढणे. निगेरु, पळून जाणे. दोगु, सामान. 'निगेरु' मी कधीच विसरणार नाही, कारण पन्नास वेळा निवडलंय आणि चाळीस वेळा पळता आलं नाही. आमच्या सहा जणांतला जो अजून टिकून आहे, त्यालाही अ‍ॅनिमेचं फारसं वेड नाही. त्याला एक जुना गेम खेळायचाय ज्याचं भाषांतर कधी झालंच नाही, आणि होणारही नाही. त्याने अ‍ॅप तिसऱ्या महिन्यात काढून टाकलं. तो आंकी या उजळणीच्या अ‍ॅपवर स्वतःची कार्डं बनवतो, डेस्कटॉपवर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे. समोरच्या बाजूला नुसती कांजी, उच्चार मागच्या बाजूला. फुरिगाना बंद करायचा प्रश्नच नाही.

पैशांचं शेवटी बोलते, कारण बोलताना दात खावे लागतात. जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' नावाचं पाठ्यपुस्तक, ऑडिओसकट, फुकट उतरवून घेता येतं. अ‍ॅनिमे-मांगातली बोली समजावणारं संकेतस्थळही त्यांनीच काढलं होतं. हे मला नवव्या महिन्यात कळलं. वर्ष संपायला दोन महिने आहेत, पैसे भरलेत, म्हणून मी उरलेले धडे सहा टॅपसकट पूर्ण वसूल करणार आहे. आणि डिसेंबरमध्ये जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन-फाइव्ह, म्हणजे सगळ्यात खालची पायरी, देणार आहे. तिथे सगळे पर्याय निवडायचे असतात, बोलायचं नसतं, लिहायचंही नसतं, त्यामुळे अ‍ॅपवाल्यांसाठी ती सोयीची आहे.

कुणी विचारलंच तर काना शिकण्यापुरतं फुकटचं वापरा, छान आहे, आवाज स्वच्छ आहेत. कांजी आली की सोडा.

आपोआप होणारं नूतनीकरण मी आज रद्द केलं. का सोडताय, म्हणून त्यांनी पाच पर्याय दिले. त्यात बटण नव्हतं. 'इतर'च्या चौकटीत मी जपानीतून लिहिलं, कांजीसकट, फुरिगानाशिवाय: फुरिगाना नो सेत्तेइ ओ ओबोएते ओइते कुदासाइ. फुरिगानाची सेटिंग कृपया लक्षात ठेवा. 'ओबोएते ओकु', शब्दशः लक्षात ठेवणे, त्यांच्याच एकोणनव्वदाव्या धड्यातलं.

लगेच उत्तर आलं. आम्ही सध्या फक्त इंग्रजीतले अभिप्राय वाचू शकतो.