डिस्क लॉक, साखळी, ट्रॅकर: रत्नागिरीत एक पावसाळा काढल्यावर

दुचाकी चोरीला जाऊ नये म्हणून तीन वस्तू घेतल्या होत्या. अलार्मवालं डिस्क लॉक (पुढच्या चाकाच्या ब्रेकच्या चकतीत अडकवायचं कुलूप), चौकोनी कड्यांची जाड साखळी आणि वायरिंगला जोडायचा जीपीएस ट्रॅकर. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीबरोबरच घेतल्या, आता शिमगा जवळ आलाय. साखळी रोज वापरात आहे. ट्रॅकर चालू आहे, पण सुरुवातीला होता तेवढा भरवसा आता त्याच्यावर उरलेला नाही. डिस्क लॉक पडवीत खुंटीला टांगलंय. ज्याला एवढंच हवं होतं त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मात्र वाचा, कारण या वस्तूंचे व्हिडिओ बघावेत तर ते पुण्या-बंगळुरातल्या कोरड्या पार्किंगमध्ये काढलेले असतात.

गरज का पडली ते आधी सांगतो. वाडीत अजूनही बरेच जण चावी गाडीलाच ठेवून चहाला जातात, आणि गाडी जागेवर असते. प्रश्न स्टेशनचा आहे. रत्नागिरी स्टेशन शहरापासून लांब, कुवारबावच्या बाजूला. रात्रीची रेल्वे धरायची तर रिक्षावाला सांगेल तो आकडा. म्हणून गाडी स्टेशनला लावायची, कोकणकन्येने मुंबई गाठायची, चार-सहा दिवसांनी परत यायचं, ही इथली नेहमीची रीत. गणपतीच्या दिवसांत तर तिथे हँडलला हँडल लागलेलं असतं. दुसरं कारण म्हणजे डोंबिवलीचा माझा मामेभाऊ. त्याची गाडी सोसायटीच्या पार्किंगमधून गेली, हँडल लॉक लावलेलं असताना. त्याचं पुढे येईलच.

हँडल लॉकबद्दल फार लोकांचा गैरसमज आहे. आत एक छोटी पिन असते, ती खोबणीत बसते, बस. जोराचा झटका बसला की पिन तरी तुटते नाहीतर खोबण. मग गाडी चालू करायचीही गरज नसते. दुसऱ्या गाडीवरचा माणूस पाय लावून ढकलत नेतो आणि रस्त्यावरच्या लोकांना वाटतं, बिचाऱ्याचं पेट्रोल संपलंय.

डिस्क लॉक पहिल्यांदा निकालात काढतो. पिन ६ मिलिमीटरची, खोक्यावर ११० डेसिबल छापलेलं, आत एलआर४४ जातीच्या सहा बटण बॅटऱ्या. मे महिन्यात एकदम झकास. गाडीला धक्का लागला की आधी पिप-पिप करून इशारा, परत धक्का लागला की सायरन. मिरग लागला आणि त्याचं डोकं फिरलं. वाऱ्याची झोत आली की वाजायचं, पत्र्याच्या पागोळ्या सीटवर पडल्या तरी तान्ह्या पोरासारखं कोकलायचं. रात्री दोनदा उठून पावसात लॉक काढायला जावं लागलं की चोर परवडला असं वाटायला लागतं. शेजारच्या काकू तर सकाळी विचारायच्या, "काय रे, आज किती वेळा आला चोर?"

श्रावणापर्यंत ते आपोआप गप्प झालं. उघडून बघितलं तर बॅटरीच्या पत्तीवर हिरवा-पांढरा थर, बाहेरच्या अंगावर पांढरी भुकटी, आणि पिनेला तांबडा गंज. आमचं घर मिऱ्याच्या बाजूला, समुद्र हाकेच्या अंतरावर. या लॉकचं अंग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, आतलं सिलिंडर पितळेचं आणि पिन पोलादाची. तीन वेगळे धातू एकत्र आणि वरून खारं पाणी, मग दुसरं काय होणार. ग्रॅफाइटची पूड घालून चावी फिरायला लागली, पण अलार्म गेला तो गेलाच. कुलपात खोबरेल किंवा इंजिन ऑइल घालू नका, मीठ आणि धूळ धरून ठेवतं. डब्ल्यूडी-४० पाणी हुसकावायला चांगला, वंगण म्हणून टिकत नाही. तो मारून वाळला की ग्रॅफाइट घाला.

गंजाचं सोडा, कोरड्या गावात राहणाऱ्यालाही मी हे घे म्हणणार नाही. पुढचं चाक अडकवून ठेवणारं लॉक गाडी ढकलणाऱ्याला थांबवतं, उचलणाऱ्याला नाही. माझ्या युनिकॉर्नचं वजन १४० किलोच्या आसपास. दोन-तीन गडी आणि एक छोटा टेम्पो असला की झालं. शहरात गाड्यांचे सायरन इतक्यांदा उगाच वाजतात की कुणी मान वळवून बघत नाही. शिवाय लॉक काढायचं विसरून गाडी पुढे घेतली तर कॅलिपर किंवा डिस्कचा खर्च. त्याची आठवण राहावी म्हणून हँडलला अडकवायची भगवी स्प्रिंग दिलेली असते, तिचं प्लॅस्टिक एका उन्हाळ्यात कडकडीत होऊन तुटलं. वडिलांच्या जुन्या स्प्लेंडरला तर दोन्ही बाजूंना ड्रम ब्रेक, तिथे डिस्क लॉकचा प्रश्नच नाही.

साखळी. चौकोनी कडी, १० मिलिमीटर जाडीची, लांबी सव्वा मीटर, वजन जवळपास तीन किलो. सीटखाली मावत नाही, टाकीवर आपटते, खांद्यावर घेतली तर लोक बघतात. तरीही तिघांत हीच कामाची.

हिच्यावर कापडी खोळ येते, गाडीचा रंग खरवडू नये म्हणून. ती खोळ पावसाळ्यात कधी वाळतच नाही. जुलैत एकदा मागे सरकवून बघितली तर आत सगळी कडी तांबूस, आणि कुबट वास. खोळ फेकली, सायकलची जुनी ट्यूब कापून चढवली, दोन्ही टोकं उघडी ठेवली. पाणी निथळून जातं, रंगही खरवडत नाही. महिन्यातून एकदा ट्यूब सरकवून फडक्याने ग्रीसचा हात द्यायचा. कुलपाच्या तोंडाला रबरी टोपी असेल तेच घ्या आणि तोंड खाली राहील असं लावा.

लावायची पद्धत साखळीइतकीच महत्त्वाची आहे. नुसती चाकातून घालून जमिनीवर लोळत ठेवली तर बोल्ट कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अख्ख्या अंगाचा भार देता येतो. साखळी जमिनीपासून वर, ताणलेली, मागच्या चाकातून आणि जमलं तर फ्रेममधून, आणि कशाला तरी बांधलेली हवी. घरी आधी पडवीच्या जांभ्या चिऱ्यात फास्टनर ठोकून कडी बसवावी असा विचार होता. आमच्या गवंड्याने तो तिथल्या तिथे हाणून पाडला. चिरा सच्छिद्र, त्यात फास्टनर धरत नाही, हलवत बसलं की भोक मोठं होतं. त्याने अंगणातला कोबा वीतभर फोडला, बारा एमएमची सळी यू आकारात वाकवली, पाय बाहेरच्या बाजूला वळवून खड्ड्यात उभी केली आणि काँक्रीट ओतलं. काम अर्ध्या दिवसाचं. मजुरी धरूनही हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च.

स्टेशनला हे जमत नाही. पार्किंगवाल्याला गाड्या सरकवाव्या लागतात, तो खांबाला बांधू देत नाही, आणि त्याच्या जागेवरून त्याचं बरोबरच आहे. दोघं मित्र जाणार असू तर दोन्ही गाड्यांची मागची चाकं एकाच साखळीत घेतो. एवढी जोडी सहजासहजी कुणी ढकलत नाही. एकटा असलो तर चाक आणि फ्रेम. बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन आलेल्याला साखळी म्हणजे मिनिटा-दोन मिनिटांचं काम, पण त्याला आवाज आणि ठिणग्या काढाव्या लागतात, आणि शेजारी बिनसाखळीच्या पन्नास गाड्या उभ्या असतात. माझी सोडून दुसरी न्यावी, एवढाच या साखळीचा उपयोग. हे ऐकायला स्वार्थी वाटतं, पण शहरातली सगळी कुलपं याच तत्त्वावर चालतात.

आता ट्रॅकर. आगपेटीपेक्षा थोडा मोठा डबा, सीटखाली मेकॅनिकने बसवला. आत सिम असतं, त्याचा नंबर १३ आकडी, त्यावर फोन लागत नाही. पहिल्या वर्षाचं भाडं किमतीत, पुढे दरवर्षी नूतनीकरण. घेताना एक विचारा: सिम टूजीवर चालतं की फोरजीवर. माझं टूजी निघालं. रत्नागिरी शहरात काही अडचण नाही. कोल्हापूरला गेलो तेव्हा नकाशा मुद्दाम तपासला. साखरप्यापर्यंत ठिपके व्यवस्थित, आंबा घाटात गायब, आणि मलकापूर आल्यावर घाटातले साठवलेले ठिपके एकदम पडले. म्हणजे माहिती हरवत नाही, उशिरा येते. गाडी चोरीला गेल्यावर तेवढ्या वेळात ती घाट ओलांडून गेलेली असते.

दुसरा त्रास बॅटरीचा, आणि हा विक्रेता कधी सांगत नाही. गाडी बंद असतानाही ट्रॅकर करंट ओढतो. सरासरी ३० मिलिअँपिअर धरा. ४ अँपिअर-अवरची बॅटरी त्या हिशेबाने साडेपाच दिवसांत रिकामी. मुंबईहून आठवड्याने परत आलो तर सेल्फ नुसताच टक-टक. पहाटे स्टेशनबाहेर बॅग पाठीला लावून किक मारत होतो. आता सेटिंगमध्ये स्लीप मोड चालू केलाय, गाडी उभी असताना तो तासातून एकदाच जागा होतो. बॅटरी वाचते, पण चोराला तासाभराची मोकळीक मिळते. धक्का लागल्यावर जागं व्हायची सोय आहे म्हणतात, ती माझ्या डब्यात कधी चालते, कधी नाही.

गाडीतल्या फ्युएल पंपाचा करंट मोबाइलवरून तोडणारा रिले बरोबर मिळत होता, तो मी घेतला नाही. चालत्या गाडीचं इंजिन चुकून बंद पडलं तर काय, आणि तेही हातखंब्याच्या वळणावर ट्रक मागे असताना. शिवाय वायरिंग कापलं की वॉरंटीवरून वाद.

सगळ्यात महत्त्वाचं लक्षात आलं ते दादरला असताना. मध्यरात्री मोबाइलवर सूचना आली, 'वाहन हलले'. मी तीनशेहून जास्त किलोमीटरवर. करणार काय? कुवारबावच्या मित्राला झोपेतून उठवलं, तो बिचारा स्वेटर घालून बघून आला. पार्किंगवाल्याने रांग सरळ केली होती. म्हणजे ट्रॅकर घेताना धावणारा माणूसही शोधून ठेवावा लागतो. गाडी खरंच गेली तर ठिपक्याच्या मागे स्वतः जाऊ नका, ११२ ला लावा आणि ठिपका पोलिसांना दाखवा. टेम्पोच्या पत्र्याच्या पेटीत किंवा तळघरात सिग्नल जातो. सुटे भाग करणाऱ्याकडे गाडी पोचली की सीट उघडल्या क्षणी डबा कचऱ्यात.

ब्लूटूथ टॅगही मित्राकडून घेऊन लावून पाहिला. तो आजूबाजूच्या फोनांवर अवलंबून. दादरला उत्तम, गणपतीपुळ्याच्या वाटेवर आरे-वारेला निरुपयोगी. वर पाठलाग होऊ नये म्हणून अनोळखी टॅग बरोबर फिरतोय अशी सूचना चोराला त्याचा स्वतःचाच फोन देतो.

मामेभावाकडे येतो. गाडी गेल्यावर त्याने तक्रार लगेच दिली. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात तक्रार ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. गुन्हा नोंदला, सीसीटीव्हीत दोन आकृत्या दिसल्या. काही दिवसांनी त्याच्याच मोबाइलवर विनाहेल्मेटचं ई-चलन आलं, त्याच्या गाडीवर भलताच माणूस. तो फोटोही त्याने नेऊन दिला. गाडी मिळाली नाही.

खरा धक्का विम्याचा होता. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) पाच वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण, मात्र बहुतेकदा एकाच वर्षाचं असतं. कागदावर पाच वर्षांची तारीख दिसते, माणूस निर्धास्त राहतो. चोरीचे पैसे थर्ड पार्टीतून मिळत नाहीत, ओन डॅमेजमधून मिळतात, आणि त्याचं ते दुसऱ्या वर्षीच संपलेलं. एक रुपया मिळाला नाही. ही पोस्ट वाचताय तर आत्ता उठून आपली पॉलिसी बघा.

माझा ओन डॅमेजचा हप्ता साखळीच्या किमतीपेक्षा कमी आला. मिळणारी रक्कम आयडीव्हीएवढी, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीएवढी, आणि त्याला घसारा लागतो: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, चार ते पाचला ५०. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी कुठे आहे ते माहीत असू द्या. पोलिसांचा 'ए समरी' अहवाल लागतो, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, आणि त्याला महिने जातात. विमा कंपनीला कळवायला थोडा उशीर झाला म्हणून दावा नाकारला तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय सांगा: पोलिसांत तक्रार वेळेत असेल तर केवळ त्या उशिरावर खरा दावा फेटाळता येत नाही. पार्किंगच्या पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' छापलेलं असतं त्याबद्दल २०१९ चा एक निर्णय आहे, पण तो हॉटेलच्या व्हॅले पार्किंगचा, जिथे चावी त्यांच्या हातात दिलेली असते. आपण चावी खिशात घालून पे अँड पार्कला लावतो, तिथे तो जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नका.

उच्च सुरक्षा नंबर प्लेट स्प्लेंडरला बसवून घेतली, ४५० अधिक जीएसटी, ५३१ रुपये. एकदाच बसणाऱ्या लॉकमुळे प्लेट काढून दुसऱ्या गाडीला लावणं अवघड होतं. सुटे भाग विकणाऱ्याला प्लेटशी देणंघेणं नसतं. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी मात्र इंजिन आणि चॅसीचा नंबर आरसीशी ताडून बघा. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा असतील तर सौदा सोडा.

ट्रॅकरचं नूतनीकरण मे महिन्यात येतंय. फोरजीचा डबा रास्त भावात मिळाला तर बदलेन, नाहीतर आहे तोच आणखी एक वर्ष. साखळीला कुलूप नवीन घेईन, हे आता चावी दोनदा हलवल्याशिवाय उघडत नाही. डिस्क लॉक कुणाला हवं असेल तर मिऱ्याला येऊन फुकट घेऊन जा, बॅटऱ्या तुमच्या.